डीनने शपथ घेतली होती, होकार दिला नव्हता

'डीनने देवदूतांना शब्द दिला होता ना? मग मायकलला नाही म्हणायला त्याला तोंडच कुठे उरलं होतं?' राक्षसांची शिकार करणाऱ्या डीन आणि सॅम विंचेस्टर या भावांच्या 'सुपरनॅचरल' या अमेरिकन मालिकेवर गप्पा रंगल्या की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. मान डोलावणारेही भेटतात, याचा जास्त त्रास होतो.

होकाराबद्दल फार सांगायला नको. राक्षस न विचारता माणसाच्या अंगात शिरतो. देवदूताला ज्याचं शरीर हवं त्याचं 'हो' लागतं; मायकल या मुख्य देवदूताला डीनचं हवं होतं. जिमी नोवाक 'हो' म्हणाला, म्हणून कॅस्टिएल हा देवदूत त्याच्या चेहऱ्याने वावरतो.

गाडी अडते ती शपथेपाशी. चौथ्या सीझनच्या शेवटून दुसऱ्या एपिसोडमध्ये, मे २००९ मध्ये, डीन कॅस्टिएलसमोर शपथ घेतो. सॅमला लिलिथ या राक्षसिणीच्या वाटेला जावं लागू नये म्हणून तो स्वतःला पुढे करतो. कॅस्टिएल मानेच्या होकारावर समाधान मानत नाही, सगळं तोंडाने वदवून घेतो: देवाची आणि त्याच्या दूतांची सेवा करीन, वडिलांचं ऐकायचो तितक्याच तत्परतेने ऐकीन. (जॉन विंचेस्टरचा उल्लेख नेमका इथे यावा, हे लेखकांचं कसब.)

आता पाचव्या सीझनचा पहिलाच एपिसोड आठवा. झकरिया हा देवदूत डीनला मायकलसाठी 'हो' म्हणायला सांगतो. डीन ऐकत नाही, तेव्हा त्याला पोटाचा कॅन्सर देतो आणि सॅमची फुप्फुसं काढून घेतो. शपथेत होकार आलेलाच असता, तर हा छळ कशाला? शपथेची नुसती आठवण करून दिली असती आणि मायकल आत शिरला असता. झकरिया बेरकी आहे, पण नियम त्याला पक्के ठाऊक आहेत.

शपथ घेणारा माणूस शपथेनंतरही जागेवर असतो. पुढची प्रत्येक आज्ञा त्याला स्वतः पाळावी लागते, म्हणजे प्रत्येक वेळी ती मोडायची सोयही असते. भीष्माची प्रतिज्ञाही भीष्मालाच रोज पाळावी लागली, तिने त्याचे हातपाय आपणहून हलवले नाहीत. होकारात मात्र आज्ञा पाळणारा माणूसच बाजूला सारला जातो. चौथा सीझन संपताना प्रलय टाळायचाच नाही हा देवदूतांचा बेत डीनला कळतो आणि तो सरळ पाठ फिरवतो. वीज कोसळत नाही, काही नाही. त्याच एपिसोडमध्ये कॅस्टिएलही वरच्यांची आज्ञा मोडतो. देवदूतांना इच्छास्वातंत्र्य नसतं म्हणणाऱ्यांनी तो प्रसंग पुन्हा बघावा.

होकार शपथेपेक्षा चिवट आणि निर्दयी असतो. नवव्या सीझनच्या सुरुवातीला गॅड्रिएल हा देवदूत डीनचं रूप घेऊन सॅमकडून 'हो' काढून घेतो. फसवून घेतलेला होकार, तरी चालतो! तो मागेही घेता येतो, पण आत कुणी बसलंय हे क्राउली या राक्षसाने सांगेपर्यंत सॅमला पत्ताच नसतो. मे २०१८ मध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच सौद्यात आल्या. दुसऱ्या जगातल्या मायकलला डीन 'हो' म्हणतो, पण ताबा माझ्याकडे राहील या अटीवर. लुसिफर, म्हणजे सैतान, मरतो, मायकल अट मोडतो आणि शरीर घेऊन चालता होतो. वचन मोडलं, होकार टिकला. फरक याहून स्वच्छ दाखवणं अवघड आहे.

'दैवी योजना होती, मग होकाराला अर्थ काय' हा प्रश्न मला आळशी वाटतो. एका माणसाच्या 'नाही'पाशी जी अडते तिला मी बेत म्हणतो, नियती नाही. चौदाव्या सीझनच्या शेवटी चक, म्हणजे मालिकेतला देव, स्वतःच सगळ्याचा लेखक निघाला, हे वळण मला आवडलेलं नाही. पण पुढे पंधराव्या सीझनमध्येही भावांनी एकमेकांना मारावं हा त्याचा शेवट दोघे नाकारतातच.

आणि पाचव्या सीझनच्या शेवटी सॅमने लुसिफरला अंगात घेऊन मग ताबा परत मिळवला, म्हणून त्याने दगा दिला, असं कृपा करून म्हणू नका. सॅम फक्त 'हो' म्हणाला. आत गेल्यावर गप्प बसेन, असा शब्द त्याने दिलाच नव्हता.