स्पर्श-डीएनए

त्वचा एखाद्या वस्तूला लागली की तिथे जो सूक्ष्म जैविक अंश राहतो, त्यातून मिळणारा डीएनए. पोलीस आणि प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलण्यात ‘टच डीएनए’ हाच शब्द रुळला आहे. रक्ताचा डाग दिसतो. हा अंश सहसा दिसत नाही. तो कुठे असेल, हे घटना कशी घडली असावी यावरून ताडावे लागते.

दोन वस्तू एकमेकींना लागल्या की दोघींवर काहीतरी राहते, हा विचार फ्रान्समधील ल्यों येथे १९१० साली पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एदमों लोकार यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची वाट दाखवली, पण तेव्हा नमुना बराच लागे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील रोलंड व्हॅन ऊरशॉट आणि मॅक्सवेल जोन्स यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिले की, नुसत्या हाताळलेल्या वस्तूंवरूनही माणसाची डीएनए-ओळख मिळते. वस्तूवरचा दुसऱ्याचा डीएनए आपल्या हाताला लागू शकतो, हेही त्याच निबंधात होते. पहिल्या निष्कर्षाचा गाजावाजा झाला. दुसरा तितकाच मोलाचा आहे.

त्वचेच्या अगदी वरच्या थरातील मृत पेशींत केंद्रक, म्हणजे डीएनए जिथे असतो तो भाग, जवळजवळ उरलेले नसते. मग डीएनए येतो कुठून? काही घामातल्या सुट्या डीएनएमधून, काही केंद्रक शाबूत असलेल्या थोड्या पेशींमधून, आणि बराचसा आपण दिवसभर नाक, डोळे, ओठ यांना हात लावतो त्यातून. म्हणून एकाच वस्तूवर एकाचा भरपूर डीएनए सापडतो आणि दुसऱ्याचा नावालाही नाही. नुकतेच हात धुतले असतील तर आणखी कमी.

नमुना कसा घेतात, हे पुण्यात चोरून कुठेतरी सोडून दिलेल्या दुचाकीवरून चांगले समजते. गुळगुळीत टाकीवर बोटाचा ठसा स्पष्ट उमटला असेल तर तो आधी घ्यावा. हँडलच्या खाचदार रबरी मुठीवर ठसा उमटत नाही, पण त्या खाचांत अंश टिकतो. हेल्मेटचे अस्तर आणि हनुवटीखालचा पट्टा तर कपाळ-गालांना घासलेला असतो. निर्जंतुक पाण्याने किंचित ओलसर केलेला स्वॅब (टोकाला कापूस गुंडाळलेली काडी) दाब देत, गोल फिरवत खाचेतून नेतात. मग त्याच जागी कोरडा स्वॅब. दोन्ही वाळवून कागदी पाकिटात ठेवतात आणि सील करतात. प्लास्टिकची पिशवी नको, कारण आत दमट राहिले की बुरशी धरते. पावसाळ्यात ही चूक महागात पडते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या पितळी कड्यांची अडचण वेगळी. हात तर प्रत्येकाचा लागतो, पण पितळेतील तांब्याचे आयन डीएनएची मोडतोड करतात आणि चाचणीतही अडथळा आणतात.

एका पेशीत साधारण ६ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) डीएनए असतो. नेहमीच्या चाचणीला ५०० ते १,००० पिकोग्रॅम, म्हणजे शंभराच्या आसपास पेशींचा ऐवज हवा. पीसीआर पद्धतीने डीएनएतील ठरावीक तुकड्यांच्या प्रती वाढवून ओळख काढतात. मूळ माल १०० पिकोग्रॅमच्या खाली गेला की ओळखीची खरी खूण गळू शकते आणि उपरी खूण शिरू शकते. पीएमपीच्या बसमधला दांडा घेतला, तर इतक्या जणांची सरमिसळ निघेल की कोण कुठला हे वेगळे करणे बहुधा अशक्यच.

हा डीएनए कोणाचा असावा, हे सांगता येते; तो कसा आणि केव्हा आला, हे त्यातून कळत नाही. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये खून झालेल्या माणसाच्या नखांवर एकाचा डीएनए मिळाला. ज्याचा डीएनए मिळाला तो माणूस त्या रात्री रुग्णालयात होता. त्याला तिथे नेणारे रुग्णवाहिकेतले कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. तरीही त्या संशयिताने काही महिने तुरुंगात काढले. जर्मनीत एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सुमारे चाळीस गुन्ह्यांत सापडत राहिला. २००९ मध्ये उलगडले की तो स्वॅब पाकिटांत भरणाऱ्या कामगार स्त्रीचा होता. निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, डीएनए जात नाही. पुढे २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे मानक आले.

पुण्यात गणेशखिंड येथे राज्याची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिच्या अहवालाला पोलीस ठाण्यांत आजही ‘सीए रिपोर्ट’ (सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक) म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद ठेवण्याचे निर्देश दिले. डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेल्याने देशात वैधानिक डीएनए-पेढी, म्हणजे डीएनए-नोंदींचा साठा, नाही. म्हणून जुळवणीसाठी संशयिताचाच नमुना लागतो, आणि घरातल्या सगळ्यांचाही, म्हणजे त्यांचा डीएनए वगळता येतो. पंचनाम्याला हजर असलेले पंच, छायाचित्रकार आणि पोलीस यांचे नमुनेही त्यात धरावेत.