धुळीला चिकटलेला नायट्रोजन

जानेवारी १८३२. 'बीगल' जहाज केप व्हर्द बेटांवरच्या पोर्तो प्राया बंदराजवळ आले तेव्हा डोलकाठीच्या टोकावरच्या वातदर्शकाच्या जाळीत तपकिरी धूळ अडकली होती. चार्ल्स डार्विनने ती पुडीत बांधून ठेवली. पुढे बर्लिनचा निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग याने ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर तीत सूक्ष्मजीवांची सिलिकाची, म्हणजे गारगोटीच्या द्रव्याची, कवचे निघाली. धूळ कुठली आणि तीत काय आहे, एवढेच तेव्हा पाहिले गेले. वाटेत हवेने तिचे काय केले, हा प्रश्न बराच काळ बाजूलाच राहिला.

१९६५ पासून अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ प्रॉस्पेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्बाडोसच्या किनाऱ्यावर सहारातून अटलांटिक ओलांडून येणारी धूळ मोजायला घेतली. तेव्हाही धूळ म्हणजे वाऱ्याने उचललेले आणि पुन्हा खाली टाकलेले ओझे, अशीच समजूत होती.

खटकले ते नायट्रेट, म्हणजे नायट्रिक आम्लापासून बनणारा क्षार. गाड्या, भट्ट्या आणि विजांच्या कडकडाटातून नायट्रोजनची ऑक्साइडे हवेत येतात. दिवसा उन्हात त्यांचे नायट्रिक आम्ल होते, रात्री डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनते. आम्लाला अमोनिया भेटला की अगदी बारीक कण तयार होतात, म्हणून नायट्रेट बारीक कणांतच सापडावे अशी अपेक्षा. पण १९८० च्या दशकात हवेतल्या कणांचे नमुने आकारानुसार वेगळे करून पाहिले, तर नायट्रेटचा मोठा वाटा जाड कणांवर होता. समुद्री मीठ आणि माती, दोन्हींवर.

शहाबादी फरशीवर बाथरूमचे आम्ल सांडले की फसफसते, कारण तो चुनखडीचा दगड आहे. वाळवंटी धुळीतही हीच चुनखडी असते. नायट्रिक आम्ल कणाला भिडते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम नायट्रेट उरते. अमोनियम नायट्रेट ऊन तापले की पुन्हा वायू होऊन सुटते, कॅल्शियम नायट्रेट मात्र सुटत नाही. शिवाय जाड कण लवकर खाली बसतो आणि सोबत नायट्रोजनही जमिनीवर किंवा समुद्रात नेतो.

१९९६ मध्ये वातावरणाच्या रसायनाचे अभ्यासक फ्रँक डेंटेनर, पॉल क्रुट्झेन आणि सहकाऱ्यांनी हे जगाच्या पातळीवर गणिती प्रारूपात बसवले. धुळीच्या उगमाजवळ ओझोनसुद्धा दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे त्यांच्या हिशेबात निघाले. धूळ म्हणजे नुसता प्रवासी नाही, ती रसायनाचा पृष्ठभाग आहे, ही कल्पना या लेखापासून खरी रुळली असे माझे मत.

मला मात्र सर्वांत आवडतो तो २००३ च्या सुमाराचा प्रयोगशाळेतला प्रकार. अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ विकी ग्रासियन यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुनखडीचे कोनदार कण नायट्रिक आम्लाच्या वाफेत ठेवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कोपरे गेले, कण गोल थेंब झाले होते! कॅल्शियम नायट्रेट इतके पाणीओढे की कोरड्या हवेतही ओलच धरते. दोनेक वर्षांत इस्रायलमध्ये हवेतून पकडलेल्या धुळीतही असे पूर्ण पालटलेले कण सापडले. थेंब झालेला कण उन्हाला आणि ढगांना कोरड्या कणासारखा वागत नाही, त्यामुळे हवामानाच्या गणितात धुळीचा रकाना पुन्हा उघडावा लागला.

२००८ मध्ये आणखी एक गुंता पुढे आला. धुळीतल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर ऊन पडले की नायट्रोजन डायऑक्साइड जास्त वेगाने शोषला जातो आणि त्यातून नायट्रस आम्ल बाहेर पडते. म्हणजे धूळ एका हाताने घेते, दुसऱ्या हाताने देते.

आपल्याकडे हीच गोष्ट पावसाच्या मोजमापातून समोर आली होती. स्वच्छ पावसाचा सामू (pH; आकडा जितका कमी तितके पाणी आम्ल) ५.६ धरतात, पण भारतात तो पूर्वीपासून बऱ्याच ठिकाणी त्याहून वर असायचा, कारण चुनखडीयुक्त माती आम्ल मारते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी हे ढगांच्या आणि पावसाच्या पाण्यावरून दाखवले. हवामान विभाग पुणे, नागपूर, जोधपूर अशा केंद्रांवर पावसाचा सामू अनेक दशके नोंदत आला आहे, आणि तो हळूहळू खाली सरकतो आहे. आम्ल करणारे वायू वाढले, त्यांना मारणारी माती त्या प्रमाणात वाढलेली नाही.