राष्ट्रीय अभिलेखागारात मूळ कागद पाहायचेत? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

नवी दिल्लीत जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनी सरकारच्या काळापासूनचं केंद्रीय दफ्तर आहे. ते फक्त प्राध्यापकांनाच बघायला मिळतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 नुसार 30 वर्षांहून जुने, गोपनीय नसलेले आणि अभिलेखागाराकडे जमा झालेले कागद बोनाफाइड, म्हणजे खरोखर संशोधन करणाऱ्या, संशोधकाला पाहता येतात.

अर्ज नमुना 8 मध्ये करायचा. सोबत ओळखपत्र आणि विद्यापीठाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र ठेवा. परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाचं पत्रही लागतं. विषय मात्र नेमका लिहा. ‘स्वातंत्र्यलढा’ एवढ्यावर तिथला कर्मचारीही काय मदत करणार? ‘मीठ सत्याग्रह, 1930, गृह खात्याचा पत्रव्यवहार’ असं लिहिलंत तर कुठली सूची काढायची हे त्याला लगेच कळतं.

खरी परीक्षा पुढे, फाइल मागवण्यासाठीची मागणी चिठ्ठी भरताना. तिच्यावर खातं, शाखा, साल आणि फाइल क्रमांक लागतो. हे सगळं घरूनच अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधून ठेवा. नोंदणी मोफत आहे आणि बऱ्याच फायली स्कॅन केलेल्या असल्यामुळे कधीकधी दिल्लीची फेरीच वाचते. चिठ्ठी ‘एनटी’ (नॉट ट्रान्सफर्ड) शेरा मारून परत आली, तर त्या खात्याने फाइल अभिलेखागाराकडे सोपवलेलीच नाही असं समजा.

फाइल हातात आली की आधी तिचे दोन भाग वेगळे ओळखा: टिपणं (अधिकाऱ्यांनी आपसात लिहिलेले शेरे) आणि पत्रव्यवहार. बाहेर गेलेलं पत्र गुळगुळीत असतं. अधिकाऱ्यांचे मतभेद, शंका, खोडलेली वाक्यं टिपणांत सापडतात. नुसतं पत्र वाचून ‘सरकारचं मत असं होतं’ म्हणणं घाईचं. ब्रिटिश काळातल्या अनेक खात्यांच्या कामकाजावर ‘ए’, ‘बी’ किंवा ‘डिपॉझिट’ असा वर्ग दिसेल. ‘ए’ म्हणजे तेव्हाच्या साहेबांना महत्त्वाचं वाटलेलं, ‘बी’ त्याहून कमी महत्त्वाचं आणि ‘डिपॉझिट’ किरकोळ. सामान्य माणसाची तक्रार शोधत असाल तर ‘बी’ चाळल्याशिवाय उठू नका. आणि गुप्त पोलिसांचा अहवाल मिळाला, तर सभेतलं भाषण अहवाल लिहिणाऱ्याने स्वतः ऐकलं की खबऱ्याकडून, हे आधी बघा.

प्रती हव्या असल्यास वेगळा अर्ज आणि शुल्क. प्रत हातात पडताच मागच्या बाजूला फाइलचा पूर्ण संदर्भ पेन्सिलीने लिहा.