आर : युनिक्स टर्मिनलवरील संवादी वापर

सांख्यिकी गणनेच्या ‘आर’ या भाषेचा इंटरप्रिटर (विधाने वाचून लगेच अमलात आणणारा प्रोग्राम) युनिक्स या संगणक प्रणालीच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालवून एकेक विधान द्यायचे व त्याचे उत्तर तिथेच पाहायचे, ही पद्धत. शेलमध्ये (टर्मिनलवरच्या आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्राममध्ये) मोठ्या लिपीतील आर (R) हे एक अक्षर टाइप केले की सत्र सुरू होते. झेड-शेल व कॉर्न शेल या शेलच्या प्रकारांत मात्र लहान लिपीतील आर (r) म्हणजे आधीची आज्ञा पुन्हा चालवणे. आधीची आज्ञा फाइल पुसण्याची असेल, तर ही चूक महागात पडते.

या पद्धतीचे मूळ बेल लॅबोरेटरीजमधील ‘एस’ भाषेत आहे. एस युनिक्सवरच जन्मली, असा समज आढळतो, तो ग्राह्य नाही. जॉन चेंबर्स व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये काम सुरू केले, ते हनीवेल संगणकाच्या जीकॉस प्रणालीवर. युनिक्सवर ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आली असावी. आरचेही तसेच. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांना अध्यापनासाठी सॉफ्टवेअर हवे होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेत मॅकिंटॉश संगणक होते. आरच्या उगमाचे वर्ष कोणी १९९३ (पहिली जाहीर प्रत), कोणी १९९५ (जीएनयू हा मुक्त वापराचा परवाना), तर कोणी २००० (आवृत्ती १.०.०) धरतात. इतरांच्या हाती प्रत पडली ते १९९३ हेच वर्ष अधिक सयुक्तिक वाटते.

एस आणि आर यांच्यातला महत्त्वाचा फरक साठवणुकीचा आहे. एसमध्ये प्रॉम्प्टवर (विधान लिहिण्याची जागा दाखवणाऱ्या चिन्हापुढे) चलाला दिलेली किंमत विधान पूर्ण होताच डिस्कवर जाई. आरमध्ये ती स्मृतीतच राहते. म्हणून दूरच्या सर्व्हरवरचा दुवा तुटला, की अनेक तासांचे काम जाऊ शकते. सत्र स्क्रीन किंवा टीमक्स या, सत्र सर्व्हरवर जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडल्यास दुवा तुटला तरी ते चालू राहते.

प्रॉम्प्ट > असा असतो. विधान अपुरे असेल तर पुढच्या ओळीवर + उमटतो. हा बेरजेचा नव्हे. कंस किंवा अवतरणचिन्ह बंद व्हायचे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. कंट्रोल-सी दाबले की अर्धवट विधान रद्द होते. फाइलमधील ओळी प्रॉम्प्टवर चिकटवताना ‘एल्स’ (‘नाहीतर’) स्वतंत्र ओळीवर असेल तर त्रुटी येते, कारण ‘इफ’चे (‘जर’चे) विधान आधीच्याच ओळीवर पूर्ण झाले असे इंटरप्रिटर धरतो. दोन्ही महिरपी कंसांत घेतल्यास अडचण उरत नाही. प्रॉम्प्टवर नुसते नाव लिहिले की किंमत छापली जाते. फॉर-लूपमध्ये (तीच विधाने पुनःपुन्हा चालवणाऱ्या रचनेत) ती छापली जात नाही, तिथे प्रिंट लिहावेच लागते.

कंट्रोल-झेडने सत्र संपत नाही, थांबते. स्मृती अडकून राहते आणि एफजी या आज्ञेने सत्र परत मिळते. बाहेर पडण्यासाठी क्यू हे फंक्शन कंसांसह लिहावे किंवा कंट्रोल-डी दाबावे. तेव्हा कामाचा साठा जतन करू का, असे विचारले जाते. होकार दिल्यास चालू फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी, म्हणून साध्या यादीत न दिसणारी फाइल तयार होते आणि त्याच फोल्डरमधून पुढच्या वेळी आर उघडला की आपोआप वाचली जाते. जुनी चले अशी परत आल्याने एकाकडे चालणारा प्रोग्राम दुसऱ्याकडे कोलमडतो. नकार देणेच बरे. आर सुरू करतानाच ‘व्हॅनिला’ हा पर्याय देऊन सत्र उघडल्यास हा प्रश्नही विचारला जात नाही आणि जुना साठाही वाचला जात नाही.

आलेखांसाठी एक्स-११ या युनिक्सवरील चित्रप्रणालीची खिडकी लागते. दूरच्या सर्व्हरवर ती नसल्यास आलेख चालू फोल्डरमधील पीडीएफ फाइलमध्ये जातो, पण डिव्हाइस (आलेख जिथे काढला जातो ते माध्यम) बंद केल्याशिवाय ती फाइल पूर्ण होत नाही.