बर्ड फ्लू : ग्रामीण रुग्णालयाची पूर्वतयारी

परिसरातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आल्यास माणसांपर्यंत पोहोचणारा संसर्ग वेळीच ओळखता यावा, यासाठी तालुका पातळीवरील सरकारी रुग्णालयाने आधीच करून ठेवलेली व्यवस्था. माणसाला हा आजार क्वचितच होतो. मात्र 2003पासून जगभरात बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूची लागण निश्चित झालेल्या 900हून अधिक रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत. तीस खाटांच्या रुग्णालयाला भीती असते ती गर्दीची नव्हे, न ओळखल्या गेलेल्या एका रुग्णाची.

भारतात कोंबड्यांमधील एच5एन1ची पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आली. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने 18 फेब्रुवारी 2006 रोजी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या, ताप असलेल्यांना अलगीकरणात ठेवून नमुने तपासण्यात आले. एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा निम्मा फलाट महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत. साहजिकच बाधित फार्मभोवती देखरेखीसाठी आखलेले 10 किलोमीटरचे वर्तुळ दोन राज्यांत पडते आणि एका बाजूचा मजूर दुसऱ्या बाजूच्या दवाखान्यात तापाची गोळी घेऊन जातो. 2021 साली नवापुरात कोंबड्यांमध्ये ही साथ पुन्हा आली.

तयारी म्हटली की वेगळा वॉर्ड आणि पीपीई किट डोळ्यांसमोर येतात. खरी कसोटी त्याच्या बरीच आधी, ओपीडीत केसपेपर काढताना लागते. ताप, खोकला, घसा दुखणे ही लक्षणे हिवाळ्यात निम्म्या रांगेला असतात. त्यातून संशयित वेगळा काढायचा तो एका प्रश्नावर : गेल्या दहा-बारा दिवसांत घरच्या किंवा फार्मवरच्या कोंबड्या मेल्या का, त्यांना कोणी हात लावला का? उत्तर खरे मिळेलच असे नाही. मरतूक कळली की परसातल्या धडधाकट कोंबड्याही मारायला नेतील, भरपाईला वेळ लागेल, म्हणून लोक गप्प बसतात. मेलेली कोंबडी गुपचूप फेकली जाते, कधी शिजवलीही जाते. (70 अंश सेल्सिअसला पूर्ण शिजलेल्या मांसात विषाणू उरत नाही, धोका असतो तो सोलताना आणि कापताना.) गावातली आशा सेविका हे सहज काढून घेते, एप्रन घातलेल्या डॉक्टरला ते जमतेच असे नाही. तिला या साखळीत केवळ माहितीपत्रके वाटण्यापुरते ठेवणे ही नेहमीची चूक आहे.

संशयित आढळल्यास त्याला मास्क देऊन, शक्यतो वेगळे दार असलेल्या हवेशीर खोलीत हलवतात. घशाचा व नाकाचा स्वॅब शीतपेटीतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जातो. अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात; प्रौढांना 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. लक्षणे दिसल्यापासून 48 तासांत दिलेल्या औषधाचा गुण सर्वाधिक, त्यामुळे साठा जिल्ह्याला असून भागत नाही, तो तालुक्यालाच हवा आणि त्याची मुदत तपासलेली हवी. श्वास लागू लागला की ऑक्सिजन लावून 108 रुग्णवाहिकेने जिल्हा रुग्णालयात. कोणत्या वॉर्डात, कोणाशी बोलून, हे आधी ठरलेले नसेल तर रुग्ण दारातच ताटकळतो.

सर्वात कच्चा दुवा कागदावरचा आहे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर कोंबड्यांची मरतूक प्रथम कळते पशुसंवर्धन खात्याला. पशुधन विकास अधिकाऱ्याने भोपाळला नमुने पाठवले त्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांना फोन गेला, तर रुग्णालयाला निकाल येईपर्यंतचा अवधी मिळतो. अन्यथा बातमी वर्तमानपत्रातून कळते. कोंबड्या मारणाऱ्या पथकाची आरोग्य तपासणी व प्रतिबंधात्मक औषध आरोग्य खात्याकडेच असते. काम संपल्यावरही या माणसांच्या तापाची नोंद दहा दिवस रोज घ्यावी लागते. त्यांतले रोजंदारीवर आणलेले मजूर तोवर आपापल्या पाड्यांवर परतलेले असतात, म्हणून नाव-गाव-फोनची यादी काम सुरू होण्यापूर्वीच करून ठेवतात.