इंजिनाचा जोर दोरावर तोलताना

आमच्या आप्पांचं पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन ओढ्याकाठी बसवलेलं आहे. ते पाणी वर माळावर चढवतं. गेल्या उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक झाली आणि वाद सुरू झाला. आप्पा म्हणायचे, इंजिनात दम राहिला नाही. मिस्त्री म्हणायचा, इंजिन ठणठणीत आहे, पंप बघा. दोघांचाही अनुभव चाळीस-चाळीस वर्षांचा. दोघंही आवाजावरून बोलत होते, आणि आवाज ऐकून ‘नोझल ठिबकतंय’ किंवा ‘टॅपेट ढिला आहे’ इतपत अचूक सांगणारे कान मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वस्तीत, कितीतरी पाहिले आहेत. पण इंजिन पाचाऐवजी चार अश्वशक्ती देतंय की साडेचार, हे कानाला कळत नाही. त्यासाठी इंजिन बाकावर चढवून त्याचा जोर मोजावा लागतो. म्हणून ते घरामागच्या शेडमध्ये आणलं.

जोर मोजायचा म्हणजे नेमकं काय करायचं? मोकळं फिरणारं इंजिन जवळजवळ काहीच काम करत नाही. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग राखणारा भाग, त्याला स्वतःपुरतं डिझेल देतो आणि ते मिनिटाला १५०० फेरे घेत राहतं. त्याला कोणी अडवलं, की मगच ते जोर लावतं. त्यामुळे चाचणीच्या बाकाचं मुख्य काम अडवण्याचं आहे. इंजिन अडवायचं, पण थांबू द्यायचं नाही, आणि किती बलानं अडवलं ते वाचता आलं पाहिजे.

ही युक्ती जुनी आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्यानं १८२१ साली फिरत्या दांड्याभोवती लाकडी ठोकळे आवळले, त्यांना लांब दांडी जोडली आणि तिच्या टोकाला वजन टांगलं. दांडी आडवी तरंगत राहिली, की वजन गुणिले दांडीची लांबी हा झाला इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क. त्याला वेगानं गुणलं की शक्ती मिळते. पुण्याच्या एआरएआय या वाहनांच्या चाचणी संस्थेत आज विजेच्या भोवऱ्यांवर चालणारे महागडे डायनामोमीटर, म्हणजे इंजिनाचा जोर मोजणारी यंत्रं, आहेत, पण त्यांच्या पोटातही हाच हिशोब चालतो. घरच्या शेडसाठी प्रोनीच्या ठोकळ्यांहून सोपा प्रकार म्हणजे दोराचा ब्रेक. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना डिझेल आणि तापलेल्या दोराचा वास लगेच आठवेल.

रचना साधी आहे. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला बिडाचा ड्रम बसवायचा. माझा २८० मिलिमीटर व्यासाचा आहे. त्यावर २० मिलिमीटर जाडीचा सुती दोर एक पूर्ण वेढा देऊन घ्यायचा. दोराचं एक टोक वर चौकटीला अडकवलेल्या तानकाट्याला, दुसऱ्या टोकाला वजनं. ड्रम अशा दिशेनं फिरला पाहिजे की तो वजनं वर उचलू पाहील. मी वाण्याकडची शिक्क्याची वजनं वापरली, कारण इथे वजन चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं. वजनातून काट्याचा आकडा वजा केला, की उरतं ते इंजिनाला अडवणारं निव्वळ बल. ते ड्रमच्या कडेवर लागत नाही, दोराच्या मध्यावर लागतं. म्हणून त्रिज्या १४ नाही, १५ सेंटिमीटर धरायची. एवढा एक सेंटिमीटर विसरला तर उत्तर सात टक्क्यांनी चुकतं.

एकाच वेढ्यात इतकी पकड कशी येते? उधळलेला बैल आवरताना गडी दोर खुंट्याला गुंडाळतो आणि मोकळं टोक नुसतं हातात धरतो, तीच गोष्ट. वेढ्यागणिक ताणाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. माझ्या दोरावर एका वेढ्यात दोन टोकांच्या ताणात साधारण नऊ पटींचा फरक पडतो. १८ किलो टांगले की काटा २ किलो दाखवतो आणि निव्वळ १६ उरतात. दुसरा वेढा दिला तर हाच फरक ऐंशीच्या घरात जाईल आणि इंजिन हिसका देऊन बंद पडेल. यात मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. दोर क्षणभर जास्त चिकटला, तर वजन किंचित वर उचललं जातं, काट्याकडचं टोक सैल पडतं आणि पकड आपोआप कमी होते. त्यामुळे वजनं हवेत जवळजवळ स्थिर तरंगतात. तरीही दोर अडकलाच तर १८ किलोचा गठ्ठा वर भिरकावला जाईल. म्हणून वजनांना खालून साखळी बांधलेलीच हवी.

आता आकडे. ठणठणीत इंजिनानं ओढायला हवेत ते निव्वळ १६ किलो म्हणजे सुमारे १५७ न्यूटन. गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे साडेतेवीस न्यूटन-मीटरचा पीळ. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. दर फेऱ्याला २π, म्हणजे ६.२८ नं गुणून हिशोब पुरा केला की ३.७ किलोवॉट येतात, म्हणजे इंजिनावरच्या पाटीवरची पाच अश्वशक्ती. सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर उचलणं ही मेट्रिक पद्धतीची एक अश्वशक्ती. जेम्स वॅटनं ठरवलेला ब्रिटिश घोडा थोडा तगडा, ७४६ वॉटचा.

फेरे मोजायला टॅकोमीटर मिळतो. पण एका सिलिंडरच्या चार स्ट्रोकी इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. १५०० फेऱ्यांना सेकंदाला साडेबारा. मोबाइलवर दहा सेकंदांचा आवाज ध्वनिमुद्रित करून पडद्यावरची शिखरं मोजली, तर ती १२५ भरली पाहिजेत. मी दोन्ही करतो. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, की मन निवांत होतं.

हा सगळा जोर शेवटी जातो कुठे? उष्णतेत. ३.७ किलोवॉट म्हणजे दोन हजार वॉटचे जवळपास दोन गीझर त्या टीचभर ड्रमवर तापत असतात. पहिल्या दिवशी मी ड्रम कोरडा चालवला आणि तीन-चार मिनिटांत दोर धुपायला लागला. उपाय ड्रमच्या घडणीतच असतो. त्याच्या कडा आत वळवलेल्या असतात, त्या खोबणीत पाणी सोडायचं. पाण्यानं भरलेली बादली गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही. १५०० फेऱ्यांना इथलं पाणी स्वतःच्या वजनाच्या तीनशे पटींनी कडेवर दाबलं जातं. ते तिथेच उकळतं आणि वाफेबरोबर उष्णता घेऊन जातं. पूर्ण भारावर तासाला सुमारे पाच लिटर पाणी असं उडून जातं, तेवढं बारीक नळीनं घालत राहावं लागतं. एक मात्र पाळावं. इंजिन थांबवण्याआधी पाणी बंद करायचं, नाहीतर वेग उतरताच ते सगळं अंगावर येतं.

माझी दुसरी चूक पायाची होती. चॅनेल वेल्ड करून मी चाकांचा गाडा बनवला होता. ढकलत शेडबाहेर नेता येईल, हा विचार. अर्ध्या तासात दोन बोल्ट ढिले झाले. गणित आधी करायला हवं होतं. या इंजिनाचा स्ट्रोक ११० मिलिमीटर. १५०० फेऱ्यांना पिस्टन दोन्ही टोकांशी उलट फिरतो, तेव्हा त्याचं त्वरण सरासरी गुरुत्वाच्या जवळजवळ १४० पट असतं. पिस्टन आणि त्याच्याबरोबर हलणारे भाग मिळून एक किलोचे धरले, तरी ते इंजिनाला सेकंदाला पंचवीस वेळा १४० किलोचा हिसका देतात. क्रँकवरची उलट वजनं त्यातला काही भाग सावरतात, पण तेवढं बल मग आडव्या दिशेनं बाहेर पडतं. एका सिलिंडरच्या इंजिनात यातून पूर्ण सुटका नाही. इंजिनासकट गाडा दोनशे किलोचा. तो प्रत्येक फेऱ्यात पाव-पाव मिलिमीटर वरखाली थरथरत होता, आणि नट सुटायला तेवढं पुरतं. शेवटी खड्डा खणून १.२ मीटर लांब, ०.८ रुंद आणि ०.६ खोल असा काँक्रीटचा ठोकळा ओतला, त्यात फाउंडेशन बोल्ट पुरले. वजन जवळपास चौदाशे किलो. आता ती थरथर मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढी उरली आहे. ठोकळ्यावर पाण्याचा पेला ठेवला तर पृष्ठभागावर वलयं दिसतात, पेला सरकत नाही.

सुरक्षेबद्दल मला हात राखून लिहायचं नाही. अर्धा मीटर व्यासाच्या फ्लायव्हीलची कड १५०० फेऱ्यांना ताशी १४० किलोमीटरनं पळत असते. बीड तेवढं सहज सोसतं. पण वेग दुप्पट झाला तर त्यातला ताण चौपट होतो. अशा डिझेल इंजिनात हवा कमीजास्त करणारी झडप नसते, वेग ठरतो तो फक्त इंधनावर. इंधनपंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, अडकला, तर इंजिन सुसाट सुटतं आणि गव्हर्नर काही करू शकत नाही. तेव्हा हवा तोडायची. हवेच्या तोंडावर आपटून बसेल असा लोखंडी पत्रा मी हाताशी टांगून ठेवला आहे. तिथे हात किंवा फडकं कधीही लावायचं नाही, ते आत ओढलं जातं. फ्लायव्हीलच्या सरळ रेषेत कोणी उभं राहायचं नाही, भोवती जाळी हवी. सैल सदरा, उपरणं, ओढणी शेडमध्ये नको. आणि धूर पाइपानं बाहेर, भिंतीपलीकडे न्यायचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. पेट्रोल इंजिन असेल तर हा धोका आणखी मोठा. दार उघडं आहे म्हणून भागत नाही.

आता निकालाकडे. डिझेल मोजायला टाकी आणि इंधनपंप यांच्यामध्ये तीन तोंडांचा कॉक टाकून काचेची ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणा असलेली नळी, जोडली. कॉक फिरवला की इंजिन ब्युरेटमधलं डिझेल पितं. १० घनसेंटिमीटर संपायला किती सेकंद लागले, ते घड्याळ लावून बघायचं.

आप्पांचं इंजिन निव्वळ १२ किलोपर्यंत नीट चाललं. १४ वर काळा धूर सोडून फेरे पडायला लागले. १२ किलो म्हणजे पावणेचार अश्वशक्ती. त्या भाराला १० घनसेंटिमीटर डिझेल ३२ सेकंदांत संपलं. डिझेलच्या एका किलोत सुमारे ४३ मेगाजूल उष्णता असते. त्या हिशोबानं चारातला एक भाग शाफ्टवर येत होता. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड, काढून पाहिलं तर फवाऱ्याऐवजी थेंब पडत होते. जाड थेंब वेळेत जळत नाहीत, त्यांचा काळा धूर होतो. नोझल बदललं, दाब तपासून घेतला आणि पुन्हा सगळे आकडे घेतले. निव्वळ भार ४ किलो असताना ६९ सेकंद, ८ ला ४८, १२ ला ३७ आणि १६ ला २९. इंजिननं १६ किलो न कुरकुरता ओढले.

हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. आडवा भार, उभं तासाला लागणारं डिझेल. बिंदू जवळजवळ सरळ रेघेत येतात, पूर्ण भाराशी रेघ थोडी वर वाकते. पीटर विलन्स या इंग्रज अभियंत्याच्या नावानं ही रेघ ओळखली जाते. ती डावीकडे लांबवली, की डिझेल शून्य होतं ती जागा शून्य भाराच्याही मागे, उणे पाच किलोंच्या आसपास येते. हे उणे पाच किलो म्हणजे इंजिन स्वतःच्याच घर्षणात, हवा ओढण्यात आणि बाहेर फेकण्यात घालवतं तो जोर. अश्वशक्तीत तो सुमारे १.६ भरला. एकही भाग न उघडता, दोर, वजनं आणि घड्याळ यांच्या मदतीनं इंजिनाच्या पोटातलं घर्षण मोजता येतं. पहिल्यांदा ती रेघ ओढली, तेव्हा मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो होतो.

आलेखाचा खरा उपयोग पुढे झाला. इंजिन ओढ्यावर परत गेलं ते ब्युरेटसकट. पंप चालू असताना १० घनसेंटिमीटर डिझेल ३३ सेकंदांत संपलं. आलेखात डिझेल संपण्याच्या त्या वेगासमोर १४ किलो भार आहे, म्हणजे इंजिन पंपाला ३.२ किलोवॉट देत होतं. मग माळावर दोनशे लिटरचं पिंप धारेखाली धरलं. ते २० सेकंदांत भरलं. ओढ्याच्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उभी उंची १८ मीटर. सेकंदाला दहा लिटर पाणी १८ मीटर चढवायला पावणेदोन किलोवॉटच्या वर थोडंसं लागतं. इंजिननं दिलेल्यातलं ५५ टक्के पाण्यात उतरलं, बाकीचं पंप आणि पाइप यांच्यात राहिलं.

धार आता पहिल्यासारखी झाली आहे, पण त्या ४५ टक्क्यांचा मिस्त्रीनं धागा पकडला. पुढच्या रविवारी पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप, म्हणजे फूट-व्हॉल्व्ह, वर काढायचा आणि पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं चाक, उघडायचा, असं त्याचं आणि आप्पांचं ठरलं आहे. पिंप आणि घड्याळ मी घेऊन जाणार आहे.