गाडीत चुकीचं इंधन पडणं

डिझेलच्या गाडीत पेट्रोल किंवा पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं जाणं म्हणजे चुकीचं इंधन पडणं. जगभर होणारी चूक आहे, पण विदर्भाच्या ग्रामीण भागात ती जास्त महाग पडते, कारण पंपापासून गाव लांब, मेकॅनिक त्याहून लांब, आणि "गावापर्यंत तर जाईनच ना" म्हणून गाडी पुढं दामटली जाते. खरं नुकसान टाकीत तेल पडल्यानं फारसं होत नाही, ते होतं त्यानंतर चावी फिरवल्यावर.

आधी बोलेरो, ट्रॅक्स म्हटलं की डिझेल आणि मारुती म्हटलं की पेट्रोल, एवढं पंपावरच्या पोट्ट्याला पुरायचं. आता तसं नाही राहिलं. थार दोन्हीत येते, स्कॉर्पिओ-एन दोन्हीत येते, स्विफ्ट-डिझायर-अर्टिगाच्या डिझेल गाड्या मारुतीनं एप्रिल २०२० पासून बंद केल्या पण जुन्या अजून गावागावात धावतात, त्यामुळं बाहेरून पाहून सांगताच येत नाही. डिझेलचं नोझल जाड असतं (साधारण २५ मिमी), पेट्रोलचं बारीक (साधारण २१ मिमी), म्हणून बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या तोंडात डिझेलचं नोझल शिरत नाही, पण डिझेल गाडीत पेट्रोलचं आरामात शिरतं. म्हणजे जी चूक जास्त घातक तीच जास्त सोपी. २०१९ पासूनच्या नव्या नंबरप्लेटसोबत काचेवर स्टिकर येतं, डिझेलला नारिंगी आणि पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, ते पाहायची सवय लागली तर खूप गाड्या वाचतील.

खेड्यात दुसरं कारण कॅनचं. ट्रॅक्टरसाठी डिझेल कॅनमध्ये आणून ठेवलेलं, फवारणीच्या पॉवर पंपासाठी पेट्रोल दुसऱ्या तशाच कॅनमध्ये, आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) फवारणीच्या धावपळीत नरसाळं लावून कोणी काय ओतलं ते कळतच नाही. टू-स्ट्रोक पंपाच्या पेट्रोलमध्ये तर ऑइल कालवलेलं असतं, म्हणजे रंगावरून ओळखणंही गेलं. कॅनवर पेंटनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवणं, आणि पेट्रोल अन् डिझेलचे कॅन वेगवेगळ्या खोलीत ठेवणं, हाच उपाय आहे.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा १५ ते २० पट दाबून एवढी तापवली जाते की डिझेल पडताच पेटतं. पेट्रोलचं उलटं, ते दाबानं आपोआप पेटू नये असंच बनवलेलं असतं, म्हणून डिझेल गाडीत पेट्रोल पडलं की इंजिन खडखडतं, पिकअप जातो, झटके देत बंद पडतं. पण तो आवाज हा खरा रोग नाही. डिझेल हे नुसतं जळणारं तेल नाही, हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला (मेकॅनिक लोक नोझल म्हणतात ते) वंगणही तेच देतं. पेट्रोल पातळ आणि विरघळवणारं, ते हे वंगण धुऊन टाकतं, मग लोखंडावर लोखंड घासतं. आजच्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच पाइपातून, म्हणजे रेलमधून, तेल जातं ते) १६०० ते २००० बार दाब असतो, टायरातली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते म्हणजे विचार करा, तेवढ्या दाबात पंप कोरडा घासला की त्याचा बारीक चुरा सुटतो आणि तो रेलमधून नोझलपर्यंत आणि रिटर्न लाइननं परत टाकीपर्यंत जातो. मग पंप, नोझल, रेल, पाइप सगळंच बदलायची वेळ येते, बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं, आणि हे काम तालुक्याला बहुतेक होत नाही, अकोला, अमरावती, चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठावं लागतं.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत थोडंफार खपून जायचं, राकेल कालवून चालवणारेही लोक होते. त्याच अनुभवावर जुने ड्रायव्हर आज सांगतात, "काही नाई होत भाऊ, वरून डिझेल टाकून दे, पातळ होऊन जाते." ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या काळच्या गाडीचं बोलतात. नव्या गाडीत हा सल्ला ऐकू नका. पेट्रोल वर तरंगून वेगळं राहतं असंही काही जण समजतात, तसं होत नाही, दोन्ही एकमेकात पूर्ण मिसळतात.

पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तर त्रास कमी. प्लग काळे होतात, धूर येतो, गाडी बंद पडते. टाकी धुऊन, फिल्टर आणि प्लग बदलून बहुतेक वेळा काम भागतं, जास्त वेळ रेटत नेली तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. मोटरसायकलचंही तेच.

पंपावरच लक्षात आलं तर चावी लावूच नका, ऑनसुद्धा करू नका, कारण बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप चावी ऑन होताच तेल पुढं ढकलायला लागतो. न्यूट्रल करून गाडी ढकलत बाजूला घ्या. रस्त्यात लक्षात आलं तर जिथं आहे तिथंच बंद करा आणि टोचन करून न्या, गावात ट्रॅक्टर मिळतोच, फक्त स्टार्ट करू नका. मग टाकी रिकामी करणं, लाइन धुणं, फिल्टर नवा, योग्य तेल, एअर काढणं. इंजिन सुरूच झालेलं नसेल तर एवढ्यावर सुटका होते.

टाकी रिकामी करताना मात्र गावात एक भयंकर पद्धत आहे, नळी तोंडानं ओढायची. पेट्रोल घोटभर जरी श्वासात गेलं तर फुप्फुसाला गंभीर इजा होते, जीवही जाऊ शकतो. कोणी गिळलंच तर ओकारी काढायला लावू नका, ओकताना तेच फुप्फुसात जातं, सरळ दवाखान्यात न्या. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, पारा ४५ च्या वर असताना तर जास्तच, म्हणून हे काम उघड्यावर, बिडी-काडीपासून लांबच करायचं.

काढलेलं मिश्रण "वाया कशाला घालवायचं" म्हणून पऱ्हाट्या पेटवायला किंवा शेकोटीला वापरतात. डिझेल सावकाश पेटतं ही सवय हाताला असते, पण पेट्रोल मिसळलेलं डिझेल भडकन पेट घेतं आणि ओतणारा माणूस भाजतो. ट्रॅक्टरमध्येही टाकू नका, तिथंही पंप आहेच.

याच्याच शेजारची चूक म्हणजे डिझेलच्या टाकीत डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, धूर साफ करायला लागणारं द्रावण) ओतणं. ट्रकवाले याला युरियाच म्हणतात, ३२.५ टक्के युरियाचं पाणी असतं ते, बीएस-६ ट्रकांत आणि काही मोठ्या गाड्यांत वेगळ्या टाकीत, बहुतेक निळ्या झाकणाखाली. ते डिझेलमध्ये गेलं तर त्याचे खडे बनतात आणि धातू गंजतो, पेट्रोलपेक्षाही वाईट. शेतातला खताचा युरिया पाण्यात विरघळवून त्या टाकीत घालणं तर अजिबात नको, त्यातल्या अशुद्धीनं धूर साफ करणारी सगळी सिस्टिम बसते.

वॉरंटीत हे नुकसान सहसा बसत नाही, विम्याचं पॉलिसी पाहून कळतं. चूक पंपाची असेल तर कशाचं तेल भरलं ते लिहिलेलं बिल घ्या, काढलेल्या तेलाचा नमुना पंपवाल्यासमोर बंद बाटलीत घ्या, सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला लेखी सांगा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात वकील न लावता स्वतः तक्रार करता येते.